जो लवकर करील त्याला पुढचं काम

शाळेत त्यांना सगळे कॉम्प्युटरच्या बाई म्हणायचे, संध्याकाळच्या कॉलेजात पोरं मावशी म्हणायची आणि घरी त्या नुसत्या 'अगं' होत्या. 'अगं, माझा चष्मा कुठाय?' 'अगं, वायफाय का गेलं?' पंचेचाळिशीला टेकलेल्या बाई एम.एस्सी. करत होत्या, विषय माहिती-तंत्रज्ञान. घरच्यांच्या मते त्याचा अर्थ एवढाच, की सगळ्यांचे पासवर्ड आता बाईंच्या लक्षात राहणार.

हौस म्हणून या वयात कोणी परीक्षा देत नाही. बाईंच्या वडिलांचा टायपिंगचा क्लास होता. बाई त्या खडखडाटात वाढल्या आणि बोटं न बघता चालवायला शिकल्या. पुढे शाळेत टायपिस्ट म्हणून लागल्या. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा विज्ञानाचे सर म्हणाले, "शॉक बसेल, मी हात लावणार नाही." खोकं फोडलं ते बाईंनी. तेव्हापासून जे जे नवं यंत्र आलं त्याचं खोकं बाईंनीच फोडलं, त्याच्याबरोबरचं पुस्तक बाईंनीच वाचलं, आणि वर्गही बाईंच्याच गळ्यात पडला. वरच्या वर्गातली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून गेली, आणि आता संस्थेने नियम काढला होता, की पदव्युत्तर पदवी नसलेल्यांनी वरच्या वर्गांना शिकवायचं नाही. बाईंना ऑफिसात परत टायपिंगला बसवणार आणि त्यांची लॅब एका नव्या मुलीला देणार. ती मुलगी बाईंचीच विद्यार्थिनी. भेटली की वाकून बोलायची, त्याचा तर बाईंना जास्तच राग यायचा. रागवायला जागाच ठेवत नव्हती मेली.

लेखी पेपर सगळे सुटले होते. कसे सुटले ते बाईंना आणि त्यांच्या पाठदुखीलाच ठाऊक. उरला होता प्रोजेक्ट. नवं वर्ष सुरू व्हायच्या आत त्याचा निकाल शाळेत दाखवला तर लॅब बाईंची, नाहीतर टायपिंग. यापुढे मुदत नव्हती.

प्रोजेक्ट होता तक्रारी नोंदवायचा. कोणी फोनवरून तक्रार टाकली की सॉफ्टवेअरने ती कुणीतरी एकाला वाटून द्यायची, त्याने काम केलं की 'झालं'चं बटण दाबायचं, आणि कोणाचं काय उरलंय ते सगळ्यांना दिसायचं. गाईड सर बाईंपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान होते. प्रत्येक वाक्याच्या आधी 'बेसिकली' म्हणायचे.

"बेसिकली मॅडम, तुमची वाटपाची पद्धत स्मार्ट आहे. पण डेटा काय हा? तक्रार एक, एबीसी. तक्रार दोन, एबीसी. खऱ्या माणसांवर चालवून दाखवा."

"सर, सगळ्यांनीच एबीसी लिहिलंय."

"सगळ्यांना नोकरी लागायची आहे मॅडम. तुमची लागलेली आहे. तुम्ही जरा खरं करा."

बाई आधी मुख्याध्यापिकांकडे गेल्या. त्या म्हणाल्या, "शाळेत तक्रारी नोंदवायची सोय केली तर लोक तक्रारी करतील ना हो." मग त्या राहत्या इमारतीच्या सेक्रेटरीकडे गेल्या. हा गृहस्थ लिफ्ट बंद पडली की नेमका गावाला जायचा. तो म्हणाला, "वहिनी, तक्रार कुठे करायची ते लोकांना माहीत नाही, म्हणून तर इमारत सुखात आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

जिने चढून घरी आल्या तर दारातूनच सासूबाईंचा आवाज. "अगं, माझ्या खोलीतला पंखा कुरकुरतोय." पाठोपाठ मुलगी. "आई, माझा निळा शर्ट धुतला नाहीस." न्हाणीघरातून नवरा. "अगं, या नळाचं काहीतरी कर, टपटप थांबत नाही." आणि हॉलमधल्या सोफ्यावरून धाकटा दीर, कानात इअरफोन घातल्यामुळे सगळ्यात मोठ्याने. "वहिनी, चार्जर पाहिलास माझा?"

बाईंनी खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही. खऱ्या तक्रारी शोधत त्या गावभर हिंडून आल्या होत्या आणि घर तक्रारींनी ओसंडून वाहत होतं.

जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवून ठेवलं. प्रत्येकाच्या फोनमध्ये सॉफ्टवेअर घातलं. गाईड सरांनी खरी नावं घालू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून नोंद अशी झाली: सासू, नवरा, दीर, मुलगी, मी.

"आजपासून या खोलीतून त्या खोलीत ओरडायचं नाही," बाई म्हणाल्या. "काय हवं ते यात लिहायचं. कोणी करायचं ते हे ठरवेल."

"म्हणजे तू नाही करणार?" नवऱ्याने विचारलं. तो विम्याच्या कचेरीत होता, कलमं नीट वाचायची सवय.

"माझ्याकडे आलं तर करीन."

"आणि माझ्याकडे काही येणार नाही ना?" सासूबाई म्हणाल्या. "मी रिटायर्ड आहे." सासूबाई सरकारी इस्पितळात वॉर्डच्या मुख्य सिस्टर होत्या. नोकरी सुटून वर्षं लोटली तरी त्यांच्या चादरीला सुरकुती चालत नसे.

"आई, तुमच्याकडेही येणार. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"बरं बाई. तुझी नोकरी, आमच्यावर प्रयोग."

पहिले काही दिवस मजेत गेले. पंखा दिराकडे गेला. तो स्टुलावर चढला, त्याने आधी फोटो काढून मित्रांना पाठवले आणि मग पंखा पुसला. नळ नवऱ्याकडे गेला. त्याने 'बघतो' असं उत्तर लिहिलं. सासूबाई एका बोटाने टाइप करायच्या, पण इस्पितळातल्या रिपोर्टसारखं कडक. 'सकाळचा चहा मिळाला. कोमट. साखर नाही. सुधारणा आवश्यक.' मुलीला आजीच्या खोलीतला केर काढायचा निरोप आला तेव्हा ती म्हणाली, "हे सॉफ्टवेअर बायकांच्या विरुद्ध आहे." दिराला भाजी निवडायला लागल्यावर तिने ते वाक्य परत घेतलं.

बाईंचा स्वभाव मात्र बाईंबरोबरच होता. फोन वाजला की त्या उठायच्या. शर्ट, झालं. गॅसचा फोन, झालं. सासूबाईंच्या चष्म्याचा स्क्रू, झालं. कामाचं नाव वाचून होईपर्यंत त्यांचे हात कामाला लागलेले असायचे. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की फोन त्यांचाच वाजतोय. दिराचा फोन सोफ्यावर निवांत पडलेला. नवऱ्याकडे तो एकच नळ, बाकी सामसूम. मुलगी तर म्हणाली, "आई, मस्त आहे गं हे. मला आता काहीच येत नाही."

कॉलेजात आकडे दाखवायचा दिवस आला. गाईड सरांनी पडद्यावर चित्र लावलं. सासू, नवरा, दीर, मुलगी यांचे चार ठेंगणे खांब आणि पाचवा खांब 'मी', वरच्या कडेला जाऊन टेकलेला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मावशी, हे घर आहे का वसतिगृह?" वर्ग हसला. बाईही हसल्या, पण कानांच्या पाळ्या तापल्या.

"बेसिकली मॅडम, तुमचं वाटप चालत नाहीये. असं घेऊन परीक्षकांपुढे गेलात तर सरळ नापास."

"सर, घरी कोणीतरी गडबड केलीय," बाई म्हणाल्या. त्यांना खात्रीच होती.

आणि गडबड करणारा एकच. बाई घरी आल्या त्या तडक सोफ्यापाशी.

"काय केलंस माझ्या सॉफ्टवेअरला?"

दिराने इअरफोन काढला. "मी?"

"नाहीतर कोण? इथे पडल्या पडल्या तुझी सगळी कामं माझ्या नावावर ढकललीस. माझं वर्ष पाण्यात जाईल, कळतंय का तुला?"

"वहिनी, शपथ घेऊन सांगतो. एवढं डोकं मला असतं तर मी सोफ्यावर असतो का?"

"त्याला कशाला बोलतेस?" सासूबाई आतून म्हणाल्या. "त्याला अंडं उकडता येत नाही."

आपल्या बाजूने बोललं गेलं का विरुद्ध, हे दिराला कळेना. त्याने इअरफोन परत कानात घातला. नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "तूच कुठेतरी चुकली असशील." हे वाक्य बाईंनी लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यावर भांडायचाही कंटाळा आला होता. त्या टेबलाशी बसल्या, लॅपटॉप उघडला आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम ओळीओळीने वाचायला लागल्या, या सगळ्यांचा खोटेपणा एकदाचा बाहेर काढायला.

खोटेपणा कुठेच नव्हता. वाटपाचा नियम जिथे होता तिथे, अगदी स्वच्छ, बाईंच्याच हाताने लिहिलेलं होतं: आधीची कामं ज्याने सर्वांत लवकर पुरी केली, नवीन काम त्याला द्यावं.

हा नियम त्यांनी मोठ्या अभिमानाने लिहिला होता. गाईड सर ज्याला स्मार्ट म्हणाले तो हाच. लिहिताना यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. काम लवकर करणाऱ्याला द्यायचं नाही तर काय रेंगाळणाऱ्याला द्यायचं? शाळेत त्यांना असंच मिळत आलं होतं, माहेरी असंच, इथे असंच. यंत्र बिचारं सांगितल्याबरहुकूम चाललं होतं. बाई उठायच्या, काम व्हायचं, म्हणून पुढचं काम त्यांना. आणखी लवकर उठायच्या, म्हणून आणखी काम. नवऱ्याने नळ नुसता 'बघतो' म्हणून ठेवला आणि तेवढ्यावर तो सुटला होता.

"सापडलं का?" नवऱ्याने विचारलं.

"सापडलं."

"कोणाची चूक?"

बाईंनी लॅपटॉप असा मिटला की टेबलावरची फुलदाणी हलली. "जेवायला वाढून घ्या," त्या म्हणाल्या आणि खोलीत जाऊन पडून राहिल्या. दिरावर ओरडल्याचं वाईट वाटत होतं, आणि ते वाईट वाटायला लावल्याबद्दल दिराचा परत राग येत होता.

नियम बदलायला काही लागलं नाही. त्या ओळी पुसून नवीन लिहिल्या. आता कामं आळीपाळीने. सासू, नवरा, दीर, मुलगी, मी आणि पुन्हा सासू. कोण लवकर करतो, कोण करतच नाही, ते बघायचं नाही. आपला नंबर आला की आपलं काम. दिराला 'सॉरी' म्हणाल्या तर तो म्हणाला, "वहिनी, जुनं सॉफ्टवेअर परत नाही का आणता येणार?"

प्रोग्राम सुधारला, पण घर बसलं. पहिल्याच दिवशी दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं. पुसायचा नंबर मुलीचा. तिने आईकडे पाहिलं, आईने भिंतीकडे. इस्त्रीचे कपडे दिराच्या नंबरात अडकले, आणि नवरा चुरगळलेल्या शर्टात कचेरीत गेला. जाताना सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं दार आपटलं. 'झालं'चं बटण दाबलं जाईना. दिराने एकदा केर न काढताच दाबून टाकलं. सासूबाईंनी दाराच्या मागे बोट फिरवलं, बोटाचा फोटो काढला आणि तीच तक्रार पुन्हा टाकली.

या सगळ्यात बाईंनी करायचं काय? तर काही नाही. आपला नंबर येईपर्यंत बसायचं. डेटाबेस, नेटवर्क, ती भलीमोठी गणितं, अख्ख्या अभ्यासक्रमात एवढं अवघड काही नव्हतं. करपलेली शेगडी समोर दिसते आहे, हातांना खाज सुटली आहे आणि त्या वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज वाचताहेत. दुसऱ्याचं काम गुपचूप केलं तर नोंद खोटी, आणि नाही केलं तर नोंद इतकी वाईट की परीक्षक विचारणार, बाई, हे कसलं तंत्रज्ञान?

एके सकाळी सासूबाईंची तक्रार आली. 'रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या. आज आणाव्यात. तातडीचे.' नंबर नवऱ्याचा. त्याने 'बघतो' लिहिलं आणि गेला. शाळेला सुट्टी होती. बाईंनी दुपारपर्यंत कळ काढली, मग चप्पल पायात सरकवली. गेला तो प्रोजेक्ट चुलीत.

"कुठे निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या गोळ्या आणते."

"तुझा नंबर आहे का?"

"आई, गोळ्या आहेत त्या. खेळ नाही."

"उद्या सकाळपर्यंतची गोळी आहे माझ्याकडे. मला मोजता येतं. तू बस खाली." सासूबाईंनी फोन उचलला. "मी आयुष्यभर ड्यूट्या लावल्या. जिची असेल तिलाच बोलवायचं, दुसरीला हात लावू द्यायचा नाही. शिव्या खाल्ल्या पण सोडलं नाही. हॅलो! विमा ऑफिस ना? तुमचे साहेब मीटिंगमध्ये असतील तर असू देत. त्यांना सांगा आईच्या गोळ्या. हो, एवढंच सांगा. मोठ्याने सांगा."

संध्याकाळी नवरा गोळ्या घेऊन आला. तोंडाचा चंबू झालेला. "सगळ्या ऑफिसात ओरडून सांगितलं त्या शिपायाने," तो म्हणाला. "तू एक फोन केला असतास तर?"

"मग तो कोणाच्या नावावर टाकला असता?" बाई म्हणाल्या. नवऱ्याने बटण दाबलं. झालं. बाईंनी वाकून खात्री करून घेतली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गाईड सरांनी आकडे पाहिले आणि कपाळ धरलं. "मॅडम, बेसिकली आधीच्या आठवड्यात सगळी कामं झटपट झाली होती. ते आकडे घ्या. फक्त 'मी'चा खांब जरा कापा आणि चौघांत वाटून टाका. पहिला वर्ग नक्की. सगळे असंच करतात."

बाईंना पदवी हवी होती, लॅब हवी होती. ऑफिसातल्या त्या कोपऱ्यात, फाइलींच्या कपाटाला पाठ लावून पुन्हा टायपिंगला बसायचं नव्हतं. त्यांनी माउसकडे हातही नेला. मग पडद्यावर त्यांना दिसलं, सर सुचवत होते तसं केलं तर काय होईल ते. चष्म्याचा स्क्रू, नवरा, झालं. शर्ट, दीर, झालं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे माझी कामं ह्यांनी केली असं मी लिहून देऊ? तेही माझ्या हाताने? नाही सर. नापास करा हवं तर."

बाहेरून आलेल्या परीक्षकांना घाई होती. त्यांनी कागद चाळले, चष्मा कपाळावर चढवला. "आधीच्या नियमाने कामं वेळेत होत होती. तुम्ही नियम बदललात आणि निम्मी कामं पडून राहिली. हे सुधारून बिघडवणं झालं."

"आधीच्या नियमात एकच माणूस काम करत होता, सर."

"पण कामं होत होती ना?"

"होत होती."

"मग?"

"सर, तो एक माणूस आज इथे तुमच्यापुढे उभा आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला तो त्यांना आवरला नाही. "आज घरी आधीचा नियम असता तर सकाळपासून एकही काम झालं नसतं. जे एकावर चालतं ते तो एक जाग्यावर असेपर्यंतच चालतं. मला माझ्या लॅबमध्ये मुलांना असला प्रोग्राम लिहायला शिकवायचा नाही."

परीक्षकांनी गाईड सरांकडे पाहिलं. गाईड सरांनी खिडकीबाहेर. "कार्यक्षमता कमी," परीक्षक लिहिता लिहिता म्हणाले. "निष्कर्ष वादग्रस्त. पण काम स्वतःचं दिसतंय. बाकीच्यांचं एबीसी वाचून डोकं उठलं होतं." आणि त्यांनी पास करण्यापुरते गुण दिले. त्यावर एकही नाही.

काठावर का होईना, पास. लॅब राहिली. बाईंना आनंद व्हायला हवा होता, पण जिने चढताना मनात एवढंच, की दोन वर्षं रक्त आटवून शेरा काय मिळाला, तर कार्यक्षमता कमी. आपल्याला! लिफ्ट बंद होती. सेक्रेटरी गावाला गेला असणार.

दार उघडून आत येतात तोच फोन वाजला. नवीन तक्रार, तक्रारदार सासू. 'परीक्षेचे काय झाले ते अजून कळवलेले नाही. तातडीचे.' नंबर खरोखरच बाईंचा होता. हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "पास झाले!"

"ओरडायचं नाही असं ठरलंय," सासूबाई आतून म्हणाल्या. मग जरा वेळाने, "बरं झालं. तो परीक्षक काही म्हणाला का?"

"म्हणाला. कार्यक्षमता कमी."

"चहा टाकायचा नंबर माझा आहे," सासूबाई उठत पुटपुटल्या. "कोमट मिळेल."

बाई सोफ्यावर बसल्या. दीर पाय आवरून कोपऱ्यात सरकला. न्हाणीघरातून टपटप ऐकू येत होतं. कपाटाच्या खालच्या खणात पाना होता, वायसर होतं, पाच मिनिटांचं काम. बाईंनी फोन उघडून पाहिलं. नळ, नवरा, 'बघतो'. ज्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवसापासून तसंच.

त्या इतक्या दिवसांत बाईंनी स्वतः एकही तक्रार टाकली नव्हती. आता टाकली. 'नळाचा आवाज सहन होत नाही.' तक्रारदार, मी. नंबर, नवरा. मग फोन पालथा ठेवला, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि नवऱ्याची किल्ली दारात फिरायची वाट बघत बसल्या.